एक पेलाभर गार पाणी

पोस्ट जरा लांब झालीय. सावकाश वाचा. पटलं नाही तर खाली भांडा, पण शेवटपर्यंत वाचून भांडा, एवढीच विनंती.

विश्रामबागेतून वानलेसवाडीकडे जाताना आमचं घर लागतं. दर उन्हाळ्यात गेटबाहेर आम्ही एक रांजण ठेवतो. फार काही नाही. गुढीपाडव्याच्या आसपास कुंभाराकडून आणायचा, खाली चार विटा, विटांवर ओली वाळू, भोवती ओलं पोतं, वर लाकडी झाकण आणि साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. सकाळी सहाला मी भरतो, दुपारी बायको एकदा झाकण उघडून बघते. कॉलेजची पोरं पितात, रिक्षावाले पितात, कुपवाडच्या एमआयडीसीत सायकलवर जाणारे कामगार, भंगार वेचणाऱ्या बायका, पार्सल पोचवणारी पोरं. कुणी बाटली भरून घेतं. रांजणावर नाव नाही, फ्लेक्स नाही. हल्ली पाणपोईपेक्षा पाणपोईच्या उद्घाटनाचा फ्लेक्स मोठा असतो, तसलं आमच्याकडं काही नाही.

यंदा एप्रिलमध्ये भर दुपारी एक तरुण मोटरसायकल लावून थांबला. वीस-बावीसचा असेल. पाठीवर भलीमोठी बॅग, अंगावरचा शर्ट घामानं चिकटलेला. पेला बुडवला, तोंडाशी नेला आणि त्याची नजर गेटवरच्या क्रॉसवर गेली. मी व्हरांड्यातच बसलो होतो.

"काका, हे मिशनचं हाय का?"

"नाही रे बाबा, घरचं आहे."

"न्हाई, तुम्ही ख्रिश्चन ना? म्हणून इचारलं. पाणी पिल्यावर नाव-बिव लिहून घेत न्हाई न्हवं?"

हसत म्हणाला. चेष्टाच होती, निदान अर्धी तरी. मीही हसलो. म्हटलं, "पी बिनधास्त." पण त्याचा हात तसाच राहिला. क्षणभर तो पेल्याकडं बघत होता. मग त्यानं पाणी परत रांजणात नाही टाकलं, कडेच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं, पेला साखळीला नीट अडकवला, "येतो काका" म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. ऊन चाळिशीच्या घरात. पोरगं तहानलेलंच गेलं.

खोटं कशाला सांगू, मला राग आला. त्या पोराचा कमी, आणि त्याच्या मोबाइलमध्ये जे जे रोज येतं त्याचा जास्त. आपल्या सगळ्यांच्याच ग्रुपवर येतं ते. सेवेच्या नावाखाली काय काय चालतं, शाळा कशासाठी, दवाखाना कशासाठी, नाताळचा केक कशासाठी. धर्मांतराच्या कायद्याची चर्चा सुरू झाली की असल्या मेसेजना पूर येतो. संध्याकाळी बायकोला म्हटलं, "उद्यापासून रांजण आत घ्यायचा. कुणाला गरज नसेल तर आपण तरी कशाला?" ती म्हणाली, "आजींनी घेतला असता का आत?"

तिथं मी गप्प झालो. कारण आजीची एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. ती सांगायची तर थोडं मागं जावं लागेल.

वानलेसवाडी हे नाव आपण रिक्षावाल्याला रोज सांगतो, पण वानलेस कोण हे बऱ्याच नव्या लोकांना ठाऊक नसतं. डॉ. विल्यम वानलेस हे मूळचे कॅनडाचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून १८८९ साली भारतात आले. आधी सांगलीत दवाखाना चालवला, मग मिरजेला गेले आणि १८९४ साली तिथं हॉस्पिटल उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं कर्नाटकातून, गोव्याकडून, घाटाखालून माणसं गाडीत बसून डोळे आणि पोट दाखवायला यायची. मोतीबिंदू काढून घेतलेल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी या भागातल्या कितीतरी घरांत आहेत. १९२८ साली डॉक्टरांना 'सर' हा किताब मिळाला, १९३३ साली ते गेले. आज मिरज डॉक्टरांचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्याची सुरुवात तिथली. आणि क्षयरोग्यांसाठी गावाबाहेर, मोकळ्या हवेत जो दवाखाना झाला, त्याच्या भोवतीच्या वस्तीला डॉक्टरांचं नाव मिळालं, ती ही वानलेसवाडी.

माझी आजी तिथं आया होती.

आजी जत भागातली. जत म्हणजे पाण्याचा दुष्काळ, हे सांगलीकरांना सांगायला नको. पण आजीच्या लहानपणी विहिरीला पाणी असलं तरी आमच्या माणसांना ते मिळेल असं नव्हतं. गावकुसाबाहेरचं घर. विहिरीवर चढायचं नाही, बाजूला घागर ठेवून उभं राहायचं. कुणा सवर्ण बाईला दया आली तर ती वरून ओतणार. प्यायचं असेल तर ओंजळ करायची आणि वरून धार पडायची, हाताला हात लागायला नको म्हणून. आजी म्हणायची, "निम्मं पानी कोपरावरनं खाली जायाचं." डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं, ते कशासाठी हे आजीला कुणी पुस्तकातून समजावून द्यावं लागलं नाही. कोपरावरून गळणारं पाणी तिला माहीत होतं.

आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते तिच्या वडिलांच्या वेळी. का झालं, हे मी तिला एकदा विचारलं होतं. मला वाटलं होतं, ती काहीतरी मोठं सांगेल. पाप, तारण, प्रार्थना. ती म्हणाली, "पाळकसायबाच्या बायकूनं तिच्या घरातल्या तांब्यानं माझ्या बाला पानी दिलं. हातात दिलं."

यावर कुणी म्हणेल, बघा, आलं ना शेवटी तिथंच! पाणी पाजलं आणि बाटवलं! थांबा. मी त्यावर येणारच आहे. आधी आजीची गोष्ट पुरी करतो.

आजी दवाखान्यात लागली ती साधारण पन्नासच्या दशकात. क्षयावर नवी औषधं आलेली होती, पण लोकांच्या मनातली भीती जुनीच होती. घरची माणसं रोग्याला आणून सोडायची, मग महिना महिना फिरकायची नाहीत. आली तरी दारात उभी राहून बोलायची. डबा जमिनीवर ठेवून पुढं सरकवायची. आजीचं काम म्हणजे झाडलोट, चादरी बदलणं, थुंकीचे डबे उकळणं, आजाऱ्यांना उठवून बसवणं, पाणी पाजणं. डॉक्टरांनी तोंडाला फडकं बांधायला, हात साबणानं धुवायला सांगितलेलं, ते ती काटेकोर पाळायची. पण पेला खाली ठेवून सरकवायची नाही. डोक्याखाली हात घालून, मान उचलून, घोटाघोटानं पाजायची.

एकदा एक म्हातारे मास्तर ॲडमिट झाले. सोवळ्याओवळ्याचे. आजीच्या हातचं पाणी घेईनात. पहिल्या दिवशी आजीनं पेला पुढं केला, त्यांनी मान फिरवली. तिला कारण कळलं. मी तिला विचारलं होतं, "मग तू काय केलंस? चिडलीस?" म्हणाली, "चिडून काय? त्यांचा तांब्या घासून भरला आन् त्यांच्या हाताला लागंल असा खाटंजवळ ठिवला. दमानं का असंना, हातानं घेत हुते." असे बरेच दिवस गेले. रोज तांब्या घासायचा, भरायचा, हाताला लागेल असा ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. एका रात्री त्यांना खोकल्याची उबळ आली. उठवेना, तांब्या उचलवेना. त्यांनी आजीला हाक मारली आणि पाणी मागितलं. आजीनं मान उचलून पाजलं.

मला या गोष्टीचा शेवट जोरकस हवा असायचा. मास्तर रडले, पाया पडले, बदलले वगैरे. मी लहानपणी दर वेळी विचारायचो, "मग?" आणि ती दर वेळी म्हणायची, "मग काय? त्यांनी मागितलं, म्या दिलं." मास्तर पुढं बरे होऊन घरी गेले. ख्रिस्ती झाले नाहीत. आजीनं कधी त्यांना चर्चचं नावही काढून दाखवलं नाही. आणि ही गोष्ट तिनं उपासनेत साक्ष म्हणून कधीही सांगितली नाही. पाळकसाहेबांनी आग्रह केला तरी नाही. "त्यात सांगण्यासारखं काय हाय?" एवढंच.

आता सांगतो, आमच्या शास्त्रात याविषयी काय आहे. मी पंडित नाही, संडेस्कूलमध्ये शिकलो तेवढंच सांगतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना निरोप देऊन गावोगाव पाठवतो. त्या बोलण्याच्या अगदी शेवटी तो एका पेलाभर गार पाण्याचा विषय काढतो. अशा लहानांतल्या एकाला जो नुसतं गार पाणी पाजेल, त्याचंही देव विसरणार नाही, असा त्याचा भाव. मला यातला 'गार' हा शब्द फार आवडतो. पॅलेस्टाइन हा उन्हाचा मुलूख. तिथं पाणी गार असायचं तर ते कुणीतरी सावलीत, मडक्यात राखलेलं असणार, किंवा आत्ता विहिरीतून ओढलेलं. म्हणजे पाणी देणाऱ्यानं थोडी तरी तसदी घेतलेली आहे. पण खर्च शून्य. ज्याच्याकडं काहीही नाही त्यालासुद्धा करता येईल असं काम येशूनं मुद्दाम निवडलं. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंतांनी टाकलेल्या रकमा बाजूला ठेवून विधवेच्या दोन दमड्या त्यानं जास्त धरल्या, तोही हाच हिशेब.

आणि दुसरी गोष्ट आहे योहानाच्या शुभवर्तमानात. भर दुपारी, दमलेला येशू विहिरीच्या कडेला बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. आणि येशू काय करतो? तिला उपदेश नंतर करतो. आधी तिच्याकडं पाणी मागतो. ती चकित होते, तुम्ही यहुदी असून माझ्याकडं कसं मागता म्हणून. ज्या जमातीला पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या हात पसरून उभं राहावं लागलं, त्या आजीच्या कानाला ही गोष्ट कशी लागली असेल, विचार करा. देवाचा पुत्र म्हणवणारा माणूस तहानलेला आहे आणि जिच्या हातचं कुणी घेत नाही तिच्याकडंच पाणी मागतो.

तर आता तो 'बाटवण्या'चा मुद्दा. टाळत नाही.

मिशनऱ्यांच्या कामात हिशेब नव्हता असं मी म्हणणार नाही. वर्षाच्या शेवटी परदेशी देणगीदारांना अहवाल जायचे, त्यात रोगी किती, ऑपरेशनं किती, तसे बाप्तिस्मे किती हेही आकडे असायचे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हजारो अनाथ पोरं मिशनच्या आश्रयाला आली. ती जगली, शिकली, पण त्यांना 'पोटासाठी बाटलेले' हा शिक्काही कायमचा बसला. पंडिता रमाबाईंनी त्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणून केडगावला सांभाळल्या, त्यांनाही बोल लागलेच. गांधीजींनी मिशनऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की सेवा करा, पण धर्म बदलण्याच्या हेतूनं करू नका. मला ते टोचतं आणि पटतंही. मदतीच्या बदल्यात कुणी काही मागत असेल, मग तो फादर असो, पास्टर असो, नाहीतर इतर कुठल्या धर्माचा किंवा पक्षाचा माणूस, तो मदत करत नाही, धंदा करतोय. डाव्या हाताला उजव्या हाताचं कळू देऊ नका, हे आम्हालाच सांगितलेलं आहे, आणि आम्हीच ते बऱ्याचदा विसरतो. नाताळात झोपडपट्टीत ब्लँकेटं वाटताना फोटोसाठी म्हाताऱ्यांना रांगेत उभं करणारे आमच्यातही आहेत. मीही एकदा त्या फोटोत होतो.

पण एक सांगा. पेलाभर पाण्यात माणूस विकत घेता येतो का? शाळेची फी, ऑपरेशनचा खर्च, नोकरी, घर, या मोठ्या गोष्टींच्या ओझ्याखाली माणूस मिंधा होऊ शकतो. म्हणून तिथं जपावंच लागतं. पाण्यानं कोण मिंधा होतो? पिऊन पुढं निघून जातो, नावही सांगत नाही. लहान दयेचं मोल मला याच्यात दिसतं. ती इतकी लहान असते, की तिच्यावर अट लादताच येत नाही. आणि पणजोबा ज्या तांब्यानं हलले, तो तांब्या महाग नव्हता. गावातल्या कुठल्याही घरात तो होता. कुणीही हातात देऊ शकलं असतं. दिला नाही. तेव्हा प्रश्न पाळकसाहेबांच्या बायकोला विचारण्याआधी तो गावालाही विचारायला हवा.

हे झालं माझं वकिली बोलणं. पण माझी वकिली मोडून काढणारी एक गोष्ट घडली आहे, ती सांगितल्याशिवाय ही पोस्ट खरी होणार नाही.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभाग, टिळक चौक, मारुती चौक, शामरावनगर पाण्यात, सांगलीवाडी वेढलेली. ब्रह्मनाळला बोट उलटली तो दिवस आठवला की अजून जेवण जात नाही. विश्रामबाग उंचावर, म्हणून सगळं शहर आमच्याकडं सरकलेलं. शाळा, कॉलेजं, मंगल कार्यालयं माणसांनी भरलेली. चहूकडं पाणी आणि प्यायला पाणी नाही. आमच्या मंडळीतल्या बायकांनी आमच्या अंगणात खिचडी आणि चहा सुरू केला. समोरच्या घरात एक काका राहतात. गल्लीतल्या गणपतीचं सगळं तेच बघतात, तोंडानं फटकळ. तिसऱ्या दिवशी ते गेटशी येऊन म्हणाले, "चाललंय ते चांगलं चाललंय. पण यात तुमच्या चर्चचं काय?"

मी म्हटलं, "काही नाही काका, भूक लागलीय लोकांना."

"हं," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी त्यांच्या मंडळाच्या पोरांनी दोन पोती तांदूळ आणून टाकला. बोलले काही नाहीत. पण माझ्या मनात तो प्रश्न राहिला. मी त्यांच्याशी पुढं बेताचंच बोलायला लागलो. आपण चांगुलपणा करायचा आणि वर संशय सहन करायचा, असं वाटायचं.

मग आला एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मी आणि बायको, दोघंही पॉझिटिव्ह. मुलगा पुण्यात अडकलेला. चुलीशी उभं राहायची ताकद नाही. आमच्या मंडळीतली निम्मी घरं आजारी, बाकीची घाबरलेली. त्यांना दोष नाही, तेव्हा सगळेच घाबरलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गेटचा आवाज झाला. बघतो तर गेटला पिशवी अडकवलेली. आत डबा. मुगाची खिचडी, कढी, लिंबाचं लोणचं. वर चिठ्ठी, 'मीठ कमी घातलंय.' सोळा दिवस तो डबा येत राहिला. सकाळी चहाचा थर्मास, दुपारी डबा. काका स्वतः आणून अडकवायचे आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन मोठ्यानं ओरडायचे, "ऑक्सिजन किती दाखवतोय?" मी खिडकीतून बोटांनी आकडा दाखवायचो. एका रात्री आकडा खाली गेला, तेव्हा बेड शोधायला बारा ठिकाणी फोन त्यांनीच लावले. मिळाला. जगलो.

तापात पडल्या पडल्या मला ती चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवत होती. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला माणूस. याजक बघून पलीकडून निघून जातो, लेवीही जातो, आणि परका, तुच्छ मानलेला शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि पदरचे पैसे देतो. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली, संडेस्कूलमध्ये पोरांना दहा वर्षं शिकवली. दर वेळी गृहीत हेच, की आपण शोमरोनी व्हायचं. आपण म्हणजे मदत करणारे. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की मी त्या वाटेवर पडलेला माणूस आहे आणि शोमरोनी समोरच्या घरातून डबा घेऊन येतोय, कपाळाला गंध लावून. येशूनं गोष्टीतला भला माणूस आपल्या धर्मातला घेतलाच नव्हता. मुद्दाम परका घेतला. दोन हजार वर्षं आम्ही ती गोष्ट सांगतोय आणि सोयीस्करपणे स्वतःलाच त्या जागी बसवतोय.

बरा झाल्यावर डबे घासून परत करायला गेलो. रिकामा डबा द्यायचा नसतो म्हणून बायकोनं त्यात रव्याचे लाडू घातले. काका म्हणाले, "हे कशाला?" मला तेव्हा चेष्टा सुचली. म्हटलं, "काका, सोळा दिवस डबा दिलात. यात तुमच्या मंडळाचं काय?" ते एक क्षण बघत राहिले, मग इतके हसले की काकू बाहेर आल्या. हसता हसता दोघांचेही डोळे भरले. त्या प्रश्नाचा हिशेब तिथं फिटला.

आता काही जण म्हणतील, गोड गोड गोष्टी सांगू नका, प्रश्न मोठे आहेत. बरोबर आहे. रांजणानं शहराची तहान भागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर कोरडं पडलं तेव्हा आपल्या मिरजेतून रेल्वेनं पाणी गेलं, पहिल्याच गाडीत १० वॅगन, सुमारे ५ लाख लिटर. त्याला सरकार लागतं, रेल्वे लागते, रात्रंदिवस पाइप जोडणारी माणसं लागतात. पुराच्या वेळी धरणातून किती पाणी कधी सोडायचं, हे खिचडी वाटून ठरत नाही. त्यासाठी प्रश्न विचारावे लागतात, मोर्चे काढावे लागतात, मत द्यावं लागतं. महाडला बाबासाहेबांनी कुणाच्या दयेची वाट पाहिली नाही, हक्क घेतला. लहान दया हक्काच्या जागी ठेवली तर ती लबाडी होते. हे आमच्या चर्चमध्येही मोठ्यानं सांगायला हवं.

पण सरकारला तहानलेल्यांचा आकडा दिसतो. दारात उभ्या असलेल्या एकाची तहान दारातल्यालाच दिसते. मास्तरांना औषध मिळत होतं, खाट मिळत होती, दवाखाना चालू होता. पण हाताला लागेल असा तांब्या कुठं ठेवायचा, हे फक्त आजीला माहीत होतं.

त्या रात्री बायकोच्या प्रश्नावर मला हेच आठवत राहिलं. मास्तर आजीच्या हातचं पीत नव्हते, तेव्हा आजीनं तांब्या उचलून नेला नाही. त्यांच्यावर रागावली नाही, समजूतही घालत बसली नाही. तांब्या घासून, भरून, हाताला लागेल असा ठेवला आणि बाजूला झाली. ज्याला घ्यायचं नाही त्याला न घेण्याची मोकळीक असते. घ्यावं लागेलच असं ठेवलेलं पाणी म्हणजे पुन्हा अटच झाली.

रांजण आत घेतला नाही. मी इतकंच केलं, पूर्वी व्हरांड्यात रस्त्याकडं तोंड करून बसायचो, आता दुपारी आत बसतो. कुणी पितंय का, कोण पितंय, हे बघायचं नाही. ते पोरगं परत आलं असेल किंवा नसेल.

एक शेवटची गोष्ट. पुढच्याच आठवड्यात उपासना आटोपून आम्ही थेट मिरजेला नातेवाइकांकडं गेलो, तिथं मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. रिक्षातून उतरतानाच बायको म्हणाली, "अहो, रांजण कालपासून रिकामा असेल." मी झाकण उचललं. काठोकाठ भरलेला. पोतंही ओलं केलेलं, पेला घासलेला.

समोर काका व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"टाकीला पाणी आलं होतं सकाळी," एवढंच म्हणाले.